बिलावरचं ₹ आणि ई-रुपया : प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

काम पक्कं झालं. सोलापुरातल्या चाटी गल्लीतलं चादर-टॉवेलचं दुकान, घाऊक आणि किरकोळ दोन्ही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत स्वतःचे माग. बिलिंगचं सॉफ्टवेअर आमचंच आहे, पण आवृत्ती जुनी. पाडव्याला वहीपूजन झालं तेव्हाच मालक म्हणाले होते, वह्या नव्या झाल्या, आता कॉम्प्युटरमधलं पण नवं करून टाका. मालकांना अख्खी गल्ली अण्णा म्हणते, आम्हीही तेच म्हणतो. मुदत एकच: गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची जत्रा, सुरू व्हायच्या आधी. होम मैदानावर त्यांचा स्टॉल असतो आणि त्या दिवसांत बिल अडकलेलं कुणी ऐकून घेणार नाही.

मागण्यांची यादी लांब आहे. साठ्याचा हिशेब, उधारीची आठवण, मराठी बिल, निर्यातीचं इन्व्हॉइस. हे सगळं नेहमीचं. नवीन एकच, आणि ते अण्णांच्या मुलानं शेवटी हातानं लिहिलंय: ‘डिजिटल रुपयाचं वेगळं चिन्ह बिलावर यावं.’ डिजिटल रुपया म्हणजे ई-रुपया, रिझर्व्ह बँकेचं मोबाइलवरचं चलन. पोरगा पुण्यातून शिकून आलाय, वाचतो पुष्कळ. म्हणाला, “दादा, उद्या गिऱ्हाईक ई-रुपयात पैसे देणार. नोट वेगळी, हे वेगळं. मग दोघांना ₹ एकच कसं?” अण्णा शेजारी बसून टॉवेलचे डझन मोजत होते. मान वर न करता म्हणाले, “लका, रुपयाला अजून किती टोप्या घालायच्या?”

प्रश्न मात्र फालतू नाही. हो किंवा नाही म्हणण्याआधी नीट बघायला हवं, म्हणून या नोंदींत त्याला वेगळी जागा देतोय.

६ नोव्हेंबर

आधी साधं ₹ तरी धड छापलं जातं का ते बघितलं. नाही.

दुकानात दोन थर्मल प्रिंटर आहेत. गल्ल्यावर ८० मिलिमीटर कागदाचा, आणि स्टॉलसाठी ५८ मिलिमीटरचा, ब्लूटूथवर चालणारा, हातात मावेल एवढा. दोन्ही एका मिलिमीटरात आठ ठिपके मारतात. प्रिंटरच्या पोटातल्या फाँटचं एक अक्षर १२ ठिपके रुंद आणि २४ ठिपके उंच. मोठ्या कागदावर एका ओळीत अशी ४८ अक्षरं बसतात, छोट्यावर ३२. त्या पोटातल्या फाँटमध्ये ₹ नाहीच. पाठवलं की कधी प्रश्नचिन्ह येतं, कधी भलत्याच भाषेतलं अक्षर. म्हणून जुन्या आवृत्तीत इंग्रजी आरएस आणि टिंब छापून वेळ मारून नेलेली होती. गावातली निम्मी बिलं आजही तशीच निघतात.

मार्ग दोन. अख्खं बिल चित्र करून पाठवायचं, किंवा प्रिंटरला ₹ शिकवायचं. मराठी मजकूर चित्र केल्याशिवाय येतच नाही. जोडाक्षरं आणि वेलांट्या जुळवायची अक्कल त्या यंत्राला नाही. पण सगळं बिल चित्र केलं तर ब्लूटूथवरचा छोटा प्रिंटर रखडतो. म्हणून मिश्रण: दुकानाचं नाव आणि तळाचा मराठी मजकूर चित्र, मालाच्या ओळी इंग्रजी अक्षरांत, प्रिंटरच्या फाँटमध्ये, आणि त्या ओळींसाठी शिकवलेलं ₹.

शिकवायचं म्हणजे १२ गुणिले २४ च्या चौकटीत ठिपके भरायचे आणि कुठल्यातरी बिनकामाच्या अक्षराच्या जागी ते बसवायचं. एका उभ्या स्तंभाला तीन बाइट, बारा स्तंभांना छत्तीस. खरी कुस्ती वरच्या दोन आडव्या रेघांची आहे. दोन्ही रेघा दोन-दोन ठिपक्यांच्या घेतल्या आणि मध्ये दोन ठिपक्यांची फट सोडली, तर कागद तापून ती फट भरते आणि रुपयाच्या डोक्यावर नुसता काळा पट्टा उरतो. फट तीन ठिपके केली की रेघा सुटतात. पण तेवढी जागा खालच्या गोलाईतून चोरावी लागते. गोलाई चपटी झाली की ₹ ऐवजी दोन रेघांचा सात वाटतो. शेवटी वरची रेघ चौकटीच्या अगदी माथ्याला भिडवली आणि तिरका पाय तळापर्यंत ओढला. आता चांगलं दिसतंय.

एक गोष्ट विसरू नये. हे शिकवलेलं अक्षर प्रिंटरच्या कच्च्या आठवणीत राहतं. लाईट गेली किंवा प्रिंटर नव्यानं सुरू केला की गेलं. आपल्याकडच्या विजेचा भरवसा बघता प्रत्येक बिलाच्या सुरुवातीला ते छत्तीस बाइट पुन्हा पाठवायचे.

१० नोव्हेंबर

मुलाच्या प्रश्नाकडे. ₹ आलं कशासाठी, हे आधी.

२०१० पूर्वी रुपयाला चिन्ह नव्हतं असं नाही. इंग्रजी आर आणि एस जोडलेलं ₨ युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, होतंच, टाइपरायटरवरही असायचं. अडचण ही की पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस, सेशेल्स या सगळ्यांचं चलन रुपयाच, आणि सगळे तेच लिहिणार. भारताचा रुपया कोणता ते त्यातून कळायचं नाही. मार्च २००९ मध्ये अर्थ मंत्रालयानं स्पर्धा जाहीर केली, तीन हजारांच्या वर नमुने आले, आणि १५ जुलै २०१० ला केंद्रीय मंत्रिमंडळानं आयआयटी मुंबईच्या डी. उदय कुमार यांचं चिन्ह स्वीकारलं. देवनागरी ‘र’ आणि दांडी काढलेला इंग्रजी आर, वर शिरोरेषा. बक्षीस अडीच लाख रुपये. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोड ६.० आलं तेव्हा ₹ त्यात होतं. २०११ पासून नाण्यांवर आलं.

कागदावर तीन महिन्यांत झालं, पण छापखान्यात यायला वर्षं गेली. आमच्या धंद्यातल्या लोकांना आठवत असेल: ₹ चा फुकट फाँट आला होता, आणि त्यात कळफलकावर एकच्या डावीकडे असलेल्या उलट्या टिकलीच्या जागी ₹ बसवलेलं होतं. ज्याच्याकडे फाँट त्याला रुपया, ज्याच्याकडे नाही त्याला टिकली. एखाद्या जुन्या दरपत्रकात आजही ‘४५०’ च्या आधी ती टिकली लटकलेली सापडते. मी प्रिंटरला ₹ शिकवताना जागा हवी होती तेव्हा तीच टिकली काढली. बिचारीला दुसरं काम नाही.

पण मुद्दा पकडून ठेवायचा तो हा की ₹ आलं ते भारताचं एकक दुसऱ्यांच्या एककापासून वेगळं काढायला. शंभर भारतीय रुपये आणि शंभर नेपाळी रुपये यांची किंमत वेगळी. तिथं चिन्हाला खरं काम आहे.

११ नोव्हेंबर

मराठी बिलाच्या डोक्यावरच्या फाँटमध्ये ₹ ची वरची रेघ शिरोरेषेच्याच उंचीला आणि त्याच जाडीची आहे. दिसतं सुरेख, पण ‘रक्कम’ नंतर जागा न सोडता ₹ टाकलं की दोघांच्या रेघा जुळून एकच शब्द होतो. डाव्या बाजूला थोडी जास्त मोकळी जागा दिली. मिटलं.

१४ नोव्हेंबर

ई-रुपया प्रत्यक्ष वापरून बघितला. रिझर्व्ह बँकेनं घाऊक व्यवहारांसाठी १ नोव्हेंबर २०२२ ला आणि सामान्य लोकांसाठी १ डिसेंबर २०२२ ला प्रायोगिक सुरुवात केली. आधी मुंबई, दिल्ली, बंगळुरू, भुवनेश्वर अशी चार शहरं आणि चार बँका, मग वाढत गेलं. बँकेचं वेगळं ॲप, त्यात वॉलेट, वॉलेटमध्ये नोटा-नाण्यांच्याच किमतीचे डिजिटल तुकडे. व्याज नाही, खिशातल्या नोटेला नसतं तसंच.

मी माझ्या वॉलेटमधून दुकानाचा नेहमीचा यूपीआयचा क्यूआर स्कॅन केला. ही सोय आहे: दुकानदाराकडे ई-रुपयाचं वॉलेट नसलं तरी गिऱ्हाईक ई-रुपयातून देऊ शकतं, आणि दुकानदाराच्या बँक खात्यात नेहमीसारखे पैसे जमा होतात. एका फेस टॉवेलचे पैसे दिले. गल्ल्यावरच्या डबीनं नेहमीच्या सुरात रुपये मिळाल्याचं सांगितलं. अण्णांनी मुलाकडे बघितलं. मुलगा म्हणाला, “हे यूपीआयवर आलं म्हणून. आपण आपला ई-रुपयाचा क्यूआर घेतला की वेगळं दिसेल.”

त्याचं बरोबर आहे. दुकानानं स्वतःचं वॉलेट घेतलं तर ते पैसे बँकेत जात नाहीत, वॉलेटमध्ये बसतात, आणि बँकेत वळवेपर्यंत तिथंच राहतात. म्हणजे संध्याकाळी गल्ला जुळवताना रोख, बँक आणि तिसरं हे. फरक आहेच. तो कुठं लिहायचा हा प्रश्न.

२० नोव्हेंबर

दिवाणजींकडे गेलो. अण्णांच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. आता रोज येत नाहीत, पण मार्चमध्ये सीए सुद्धा त्यांना विचारूनच सही करतो. त्यांना चिन्हाचा प्रश्न सांगितला तर उठून माळ्यावरची जुनी रोजकीर्द काढायला लावली. लाल कापडाची बांधणी, कडांना वाळवीची नक्षी, आतली शाई अजून काळी कुळकुळीत.

ही वही १९५७ च्या आधीची. म्हणजे सोळा आण्यांचा रुपया, बारा पैचा आणा, १९२ पैचा रुपया. तेव्हा चिन्हांचा सुकाळ होता. उभी एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण: १। सव्वा, १॥ दीड, १॥। पावणेदोन. आण्यांना वेगळ्या बारीक रेघा. दिवाणजी बोट फिरवत एका दमात वाचत गेले, मी अडखळत. १ एप्रिल १९५७ ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला आणि ही अख्खी बाराखडी हिशेबातून उठली. गंमत म्हणजे ती आता युनिकोडमध्ये आहे. २००९ च्या ५.२ आवृत्तीत पाव, अर्धा, पाऊण, आण्यांचे भाग आणि एक जुनी रुपयाची खूण असे दहा वर्ण घेतले आहेत. वापरणारे गेल्यावर पन्नास वर्षांनी चिन्हांना पक्कं घर मिळालं.

मग त्यांनी एक ओळ दाखवली. मुंबईच्या पेढीवरून हुंडीनं, म्हणजे पैसे पाठवायच्या जुन्या चिठ्ठीनं, आलेली रक्कम. त्याच्या वरच्याच ओळीत रोख आलेली. दोन्ही रकमा अगदी एकसारख्या लिहिलेल्या.

“हुंडीच्या रुपयाला वेगळी खूण नव्हती?” मी विचारलं.

“कशाला? रुपये रुपयेच. कुठून आले, कसे आले, ते डावीकडं नावात लिहायचं. रकमेच्या जागी रक्कम.” थोडं थांबून, “बेरीज करायची असते की नाही खाली?”

बेरीज. मी तीन आठवडे चिन्हाच्या आकाराभोवती फिरतोय आणि यांनी तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. एका स्तंभात ज्या रकमा मिळवता येतात त्यांचं चिन्ह एक. ज्या मिळवता येत नाहीत, आधी भाव लावून बदलाव्या लागतात, त्यांचं वेगळं. ई-रुपयाचे पाचशे आणि नोटेचे पाचशे मिळून हजारच होतात.

२५ नोव्हेंबर

याच कसोटीवर बिटकॉइन वगैरे घासून बघितले. इथं उत्तर उलटं येतं. बिटकॉइन हे वेगळं एकक आहे, रुपयाशी त्याचा भाव रोज हलतो, एका स्तंभात दोन्ही मिळवता येत नाहीत. त्याला स्वतःची खूण लागणारच.

ती मिळाली कशी ते वाचण्यासारखं आहे. बिटकॉइन सुरू झालं जानेवारी २००९ मध्ये. लोक आधी थायलंडच्या बाटचं चिन्ह वापरायचे, कारण तेही मध्ये दांडी घातलेल्या बीसारखं दिसतं. थाई माणसाला ते किती विचित्र वाटत असेल! २०१५ मध्ये केन शिरिफ या प्रोग्रामरनं युनिकोडकडे रीतसर प्रस्ताव पाठवला. युनिकोड बोधचिन्हं घेत नाही. नुसतं गोल नारिंगी नाण्याचं चित्र दाखवून भागत नव्हतं. लोक वाक्याच्या आत, आकड्याशेजारी ही खूण अक्षरासारखी लिहितात याचे पुरावे द्यावे लागले. जून २०१७ मध्ये युनिकोड १०.० बरोबर ₿ आलं. सरकारी शिक्का असलेल्या रुपयाला तीन महिने, बिनसरकारी नाण्याला आठ वर्षं. मला यात अन्याय दिसत नाही. ज्याच्यामागं राज्य नाही त्यानं वापर दाखवावा, एवढंच मागितलं.

तीन अक्षरी संकेताचं त्रांगडं अजून मजेचं. आंतरराष्ट्रीय पद्धतीत चलनाच्या संकेताची पहिली दोन अक्षरं देशाची असतात: आयएनआर मधलं आयएन भारताचं. बीटीसी मधलं बीटी भूतानचं! म्हणून काही ठिकाणी एक्सबीटी लिहितात. कुठल्याच देशाचं नसलेल्याला, सोन्यालासुद्धा, सुरुवातीला एक्स लावायची रीत आहे. लोकांनी मात्र बीटीसीच उचललं.

बाकीच्यांनी नवीन चिन्हाच्या नादी न लागता उसनवारी केली. इथेरियमनं तीन आडव्या रेघांचं ग्रीक अक्षर घेतलं. लाइटकॉइननं पोलिश लिपीतला रेघ मारलेला एल, डॉजकॉइननं आइसलँडच्या भाषेतला रेघ मारलेला डी. कार्डानोनं तर अर्जेंटिनाच्या ऑस्ट्राल या चलनाचं चिन्ह उचललं. १९८५ ला आलेलं ते चलन महागाईत वाहून १९९१ नंतर संपलं, खूण तेवढी पडून होती. मेलेल्या चलनाचा कोट अंगावर चढवून बाजारात उभं राहायचं म्हणजे हिंमत पाहिजे. तरी अक्षर आयतं असल्याचा फायदा मोठा: फाँटमध्ये आधीच आहे, मोबाइलवर दिसतं, कुणाची परवानगी नको. उरलेली हजारो नाणी नुसत्या इंग्रजी अक्षरांच्या संकेतावर जगतात आणि त्यांचं काही अडत नाही.

₿ मिळूनही गुंता आहेच. एका बिटकॉइनमध्ये दहा कोटी सातोशी. छोट्या रकमा सातोशीत मोजायच्या तर त्याला युनिकोडमध्ये चिन्ह नाही. नाहीतर शून्य आणि टिंबानंतर शून्यांची रांग. आपल्या पै-आण्याची आठवण होते.

दुकानापुरतं हे सगळं बाजूला ठेवलं. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर तीस टक्के कर, जुलै २०२२ पासून व्यवहारावर एक टक्का टीडीएस. टॉवेल विकून ते कुठं निस्तरायचं, असं अण्णा म्हणाले. सॉफ्टवेअरमध्ये सोय ठेवलेली नाही.

२ डिसेंबर

निर्यातीचं इन्व्हॉइस. आखातातल्या गिऱ्हाइकानं निरोप पाठवलाय की दिरहमचं नवीन चिन्ह टाका. सौदीवाल्यानंही रियालचं मागितलंय.

दोन्ही चिन्हं या वर्षीची. सौदीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये रियालचं जाहीर केलं, ते सप्टेंबरच्या युनिकोड १७ मध्ये आलं. अमिरातीनं मार्चमध्ये दिरहमचं: इंग्रजी डी, मध्ये दोन आडव्या रेघा. ते त्या आवृत्तीत नाही. आपल्या फाँटमध्ये दोन्ही नाहीत, त्यामुळे कॉम्प्युटरवर नुसता रिकामा चौकोन. गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवरही चौकोनच दिसण्याची शक्यता जास्त. पैशाच्या कागदावर रकमेच्या आधी रिकामा चौकोन म्हणजे बँकेला शंका घ्यायला आमंत्रण. निर्णय: इन्व्हॉइसवर तीन अक्षरी संकेतच, एईडी आणि एसएआर. फार हट्ट केला तर वरच्या पट्टीत चिन्ह चित्र म्हणून टाकू, रकमेशेजारी नाही.

मुलाला मात्र यात दारूगोळा सापडला. अमिरातीनं त्याच दिवशी डिजिटल दिरहमचंही चिन्ह दाखवलं: तेच चिन्ह, भोवती वर्तुळ. “बघा दादा, मी म्हणत होतो तेच!” खरंच आहे. एका देशाच्या मध्यवर्ती बँकेला वेगळी खूण द्यावीशी वाटली. चीननं दिली नाही. डिजिटल युआनलाही तेच ¥, जे जपानी येनचंही आहे. आणि आपली रिझर्व्ह बँक ₹ च्या आधी छोटा इंग्रजी ई लावते. दोन आयती अक्षरं शेजारी शेजारी, बस.

९ डिसेंबर

बोलण्यापेक्षा छापून दाखवावं म्हणून वर्तुळातलं ₹ काढलं. बारा ठिपक्यांच्या रुंदीत वर्तुळ मावत नाही, म्हणून दोन अक्षरं वापरली: डाव्यात डावं अर्धं, उजव्यात उजवं, मिळून २४ गुणिले २४, कागदावर तीन मिलिमीटर. वर्तुळाची कड दोन ठिपके, आतून थोडी मोकळी जागा, उरल्यात ₹. त्याला उंचीला चौदाच ठिपके मिळतात, पावणेदोन मिलिमीटर. त्यात दोन रेघा, फट, गोलाई, पाय.

८० च्या प्रिंटरवर नवीन कागदावर ओळखू येतं. ५८ वर, स्टॉलसाठी आणलेल्या स्वस्त रोलवर, काळा ठिपका येतो. अण्णांनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, “हे काय, डाग?” त्यात ३२ अक्षरांच्या ओळीतली दोन अक्षरं खाल्ली. ‘सोलापुरी चादर डबल’ मधलं डबल दुसऱ्या ओळीत गेलं.

मुलगा हटला नाही, आणि यावेळी त्याचा मुद्दा सगळ्यात वजनदार होता. म्हणाला, दिसण्याचं सोडा; कायद्यानं फरक आहे. ई-रुपया हे थेट रिझर्व्ह बँकेचं देणं, नोटेसारखं. यूपीआयनं फिरतो तो बँकेतल्या ठेवीचा पैसा, म्हणजे त्या बँकेचं देणं. दोन वेगळ्या वस्तू आहेत.

अगदी बरोबर. पण मग हिशेब उलटा लागतो. नोटेपासून लांबचा आहे तो बँकेतला पैसा. तो केवळ बँकेनं दिलेला शब्द आहे. त्याला आपण पासबुकात, चेकवर, यूपीआयवर इतकी वर्षं बिनदिक्कत ₹ लिहितोय, कुणी वेगळी खूण मागितली नाही. ई-रुपया तर नोटेचा सख्खा भाऊ. दूरच्याला आडनाव तेच चालतं आणि सख्ख्याला वेगळं द्यायचं?

उलट वर्तुळ लावलं तर गिऱ्हाइकाच्या मनात भलतंच येईल की याचा भाव वेगळा आहे का, यात काही कापतात का. गल्ल्यावर उभं राहून शंभर जणांना ते समजवायचं कुणी? मार्च २०२५ अखेर चलनात असलेला ई-रुपया होता सुमारे १,०१६ कोटींचा. नोटा ३६ लाख कोटींच्या वर. एवढ्याशा पैशाला नवीन अक्षर शिकवून सगळ्या नोटांना कोड्यात टाकायचं नाही.

मुलगा म्हणाला, “अमिरातीला कळत नाही का मग?” अमिरातीलाही कळतं. ॲपवर, जाहिरातीत, दुकानाच्या काचेवर ‘इथं चालतो’ सांगायला वर्तुळ चांगलंच आहे. तिथं ते हाताएवढं असतं आणि शेजारी आकडा नसतो. माझा विरोध रकमेच्या शेजारी बसण्याला आहे.

१८ डिसेंबर

ठरलं ते असं. रकमेच्या स्तंभात सगळीकडे एकच ₹. बिलाच्या तळाशी ‘कसे मिळाले’ ही ओळ: रोख, यूपीआय, कार्ड, ई-रु., उधार. एकाच बिलाचे थोडे रोख, थोडे ई-रुपयात दिले तर दोन्ही नोंदी आपापल्या रकमेसह. परतीच्या मालाला हीच ओळ वाचून पैसे ज्या वाटेनं आले त्या वाटेनं परत सुचवायचे. मुलाची ही सूचना मात्र उत्तम होती, ती जशीच्या तशी घेतली. खतावणीत ‘ई-रुपया वॉलेट’ असं वेगळं खातं उघडलं, रोख आणि बँक यांच्या मध्ये. संध्याकाळी वॉलेटमधली शिल्लक तिथं जुळवायची.

‘ई-रु.’ ला ३२ च्या ओळीत पुरेशी जागा मिळते. त्रोटक लिहून काम भागवण्यात आपलं गाव तसं जुनं आहे. दाते पंचांग सोलापूरचंच. त्याच्या अरुंद रकान्यांत र, चं, मं, बु एवढ्यावर अख्खी ग्रहमाला बसते आणि आजीलाही चष्मा लावला की सगळं वाचता येतं.

दिवाणजींना नमुना बिल दाखवलं. बेरीज तपासली, परत दिलं. तक्रार नाही म्हणजे पास.

२९ डिसेंबर

टायपिंगची कटकट. गल्ल्यावरच्या दोन्ही मुली दरपत्रकात ₹ टाकायला जुन्या फाइलमधून कॉपी करत होत्या. विंडोजचा इंग्लिश इंडिया कळफलक लावून दिला. उजवं ऑल्ट आणि चार एकत्र दाबलं की ₹. एवढं कुणी पंधरा वर्षांत सांगितलं नव्हतं. चिन्ह ठरवणं सोपं, ते बोटाखाली आणून देणं हे खरं काम. ₿ या कळफलकावर कुठल्याच बोटाखाली नाही हेही त्याच्या विरुद्ध जातंच.

७ जानेवारी २०२६

स्टॉलवर बसवून बघितलं. होम मैदानावर धूळ, लाउडस्पीकर, पाळण्यांची उभारणी चालू. छोटा प्रिंटर जनरेटरवर. लाईट तीनदा घालवून परत आणली. प्रत्येक वेळी ₹ नीट आलं, कारण दर बिलाला नव्यानं शिकवतोय. उन्हात धरल्यावरही दोन रेघा सुट्या दिसतात. अण्णांनी शेंगाचटणी आणि कडक भाकरी मागवली, काम तिथंच थोडं रेंगाळलं.

बँकेकडून दुकानाचा स्वतःचा ई-रुपयाचा क्यूआर आला. मुलानं तो गल्ल्याच्या काचेवर यूपीआयच्या शेजारी चिकटवला.

१२ जानेवारी

उद्या जत्रेतला अक्षतांचा सोहळा. आजपासून गर्दी. दुपारपर्यंत ई-रु.ची एकच नोंद पडली, तीही मुलाच्या मित्राची. वॉलेट, खातं आणि बिल तिन्ही जुळले. बेरजेत काही विशेष दिसत नाही, दिसायला नकोच होतं.

उरलेलं: दिरहम आणि रियाल फाँटमध्ये आल्यावर इन्व्हॉइस पुन्हा उघडायचं. रिझर्व्ह बँकेनं उद्या लिहायची रीत बदलली तर ‘ई-रु.’ हा मजकूर सेटिंगमधून बदलता येतो, त्यासाठी कोडला हात लावावा लागणार नाही. वर्तुळाची २४ गुणिले २४ ची फाइल मुलाला दिली. त्याला ती व्हिजिटिंग कार्डावर हवी आहे.